क्रिएटिनिन ०.८ आलं, मग बाबांना जमिनीवरून उठता का येत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं काय समजले ते तुम्हाला कळेल. बाबांचं वय ५८. दीड वर्ष डायलिसिस झालं, मग आईने (वय ५४) किडनी दिली, त्याला आता आठ महिने झाले. क्रिएटिनिन ०.८, लघवी व्यवस्थित, डॉक्टर समाधानी. वजन ५९ वरून ६६ किलोवर गेलं, पोट सुटलं, चेहरा भरला; पण मांड्या आणि दंड बारीकच राहिले. जमिनीवर बसले तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना कठडा लागतो, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये एकदा तोल गेला. 'प्रोटीनने किडनीवर लोड येतो' म्हणून घरात डाळ आणि अंडी जवळपास बंद. एक नातेवाईक अश्वगंधा आणि जिममधली पावडर सुचवताहेत. तुम्ही विचारताय की रिपोर्ट इतके चांगले असताना ही अशक्ती कसली, आणि ती पुढे किडनीला बाधेल का.

मी किडनीविकारतज्ज्ञ आहे आणि प्रत्यारोपण झालेल्यांची ओपीडी हे माझं रोजचं काम. हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा रुग्ण नव्हे, त्याची मुलगी किंवा बायको विचारते, तेही उठता उठता, दाराशी. कारण ऑपरेशननंतर सगळ्या घराचं लक्ष क्रिएटिनिनच्या एका आकड्यावर खिळलेलं असतं, आणि आकडा चांगला असताना तक्रार करणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं.

बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मोघमच राहणार. त्यांना मधुमेह आहे का, स्टेरॉइडचा डोस सध्या किती, लघवीतून प्रोटीन जातं का, खुब्यात दुखतं का, पोटॅशियम किती, या पाच गोष्टींनी माझं उत्तर बदलू शकतं. जिथे बदलेल तिथे तसं सांगेन.

आधी त्या ०.८ बद्दल

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती टाकते आणि स्नायू किती बनवतात. स्नायू झडले की बनणंच कमी होतं, आणि किडनी आहे तशीच असूनही आकडा खाली येतो. बाबांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली 'ईजीएफआर', म्हणजे किडनी किती काम करते याचा सूत्राने काढलेला अंदाज, छापलेला असेल. ५८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन ०.८ असेल तर सध्याच्या सूत्राने तो शंभरच्या थोडा वर येतो. आता जरा थांबून विचार करा. बाबांच्या पोटात काम करणारी किडनी एकच आहे, तीही ५४ वर्षांच्या बाईची. आईच्या दोन्ही किडन्या मिळून दान करण्याआधी साधारण ९०-१०० चं काम करत असतील. एकटी पडलेली किडनी काही काळाने जादा काम करायला लागते हे खरं, पण म्हणून एकटीने शंभर? तो शंभर सूत्राचा आहे, किडनीचा नाही. सूत्राला बाबांच्या मांड्या दिसत नाहीत. ते सरासरी स्नायू गृहीत धरतं. खरा आकडा ६०-७० च्या घरात असेल असा माझा अंदाज, आणि एका दान केलेल्या किडनीसाठी तो उत्तम आहे. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण छापील आकड्यावर भुलूही नका.

याचा व्यवहारात त्रास कुठे होतो ते सांगते. लॅबच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा १.२ किंवा १.३ छापलेली असते. समजा उद्या रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, सुरू झालं आणि बाबांचं क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ झालं. कागदावर ते नॉर्मलच दिसेल, लाल अक्षरात छापून येणार नाही, आणि तुम्ही फोटो काढून घरच्या ग्रुपवर 'सब ठीक' म्हणून टाकाल. पण ही वाढ ३५ टक्क्यांहून जास्त आहे, आणि आम्ही २०-२५ टक्क्यांच्या वाढीलाच कान टवकारतो. म्हणून बाबांसाठी छापील मर्यादा विसरा, त्यांचा स्वतःचा ०.८ हीच पायरी धरा. वहीत तारखेसह आकडे लिहून ठेवा आणि प्रत्येक नवा आकडा मागच्या तीन-चारांशी ताडून बघा. औषधांचे डोसही ईजीएफआर बघून ठरतात, तिथेही फुगलेला आकडा फसवतो.

यावर उपाय म्हणून सिस्टॅटिन सी नावाची रक्तचाचणी आहे. ती स्नायूंवर अवलंबून नसते. पण स्टेरॉइड, सूज-जंतुसंसर्ग, जादा चालणारं थायरॉइड आणि लठ्ठपणा यांनी ती थोडी वर सरकते, आणि आपले रुग्ण तर स्टेरॉइडवरच असतात. त्यामुळे मी ती एकटी वाचत नाही, दोन्ही आकडे शेजारी ठेवते. क्रिएटिनिन म्हणतं १०० आणि सिस्टॅटिन म्हणतं ५५, एवढी तफावत असली तर स्नायू कमी असल्याचा तो चांगला पुरावा धरते.

माझी आवडती तपासणी मात्र जुनीच आहे: २४ तासांची लघवी. रुग्णांना ती अजिबात आवडत नाही. तो पाच लिटरचा कॅन बाथरूममध्ये ठेवायचा, पाहुण्यांपासून लपवायचा. पण त्या एका कॅनमधून बरंच कळतं. बाबांच्या वयाच्या पुरुषाच्या लघवीतून दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन जावं. ६६ किलोच्या माणसात ते दिवसाला ७५० मिलिग्रॅमच निघालं, म्हणजे किलोमागे ११-१२, तर लघवी पूर्ण गोळा झाल्याची खात्री करून घ्यायची, आणि ती असेल तर स्नायू कमी आहेत असं समजायचं. त्याच कॅनमधल्या युरिया नायट्रोजनवरून माणूस रोज किती प्रोटीन खातो हेही निघतं. ते चार ग्रॅम आलं तर बाबांच्या वजनाला हिशेब जेमतेम ३८ ग्रॅम प्रोटीनचा होतो. 'आम्ही सगळं खायला देतो हो' या वाक्याला हा आकडा फार शांतपणे उत्तर देतो. शिवाय मीठ किती खाल्लं आणि प्रोटीन किती गळतंय, तेही कळतं.

स्नायू गेले कुठे?

दोष नव्या किडनीचा नाही. बहुतेक नुकसान तिच्या आधीच झालेलं असतं. किडनी निकामी होत असताना वर्षानुवर्षं प्रोटीनचं पथ्य पाळलेलं असतं, आणि त्या टप्प्यात ते बरोबरही असतं. रक्तात आम्ल साठतं, आणि ते आम्ल स्नायू मोडण्याची यंत्रणा चालू करतं. मग डायलिसिस लागतं. आता पथ्य उलटं व्हायला हवं, दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं, कारण हिमोडायलिसिसच्या प्रत्येक बैठकीत काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून निघून जातात. पण घरात जुनाच कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून झोपतो, दुसऱ्या दिवशी सावरतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. चालणं संपतं.

त्यात ऑपरेशन, आणि प्रतिकारशक्ती दाबायला दिलेले सुरुवातीचे स्टेरॉइडचे मोठे डोस. स्टेरॉइड स्नायूंचे ठरावीक तंतू, झटकन जोर लावणारे, आधी बारीक करतं, आणि खुब्याच्या व खांद्याच्या आसपासचे स्नायू सगळ्यात जास्त धरतं. म्हणून तुम्ही सांगितलेली लक्षणं इतकी ठराविक आहेत: सपाटीवर चालता येतं, पण उकिडवं बसून उठता येत नाही, पेला धरता येतो, पण फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. या प्रकारात दुखत नाही, आणि सीपीके ही स्नायूंची रक्तचाचणी सहसा नॉर्मल येते, त्यामुळे 'काही नाही, वयोमान' म्हणून विषय मिटतो.

बाकी छोटी कारणं असतात, पण ती शोधून काढण्यासारखी, कारण ती दुरुस्त होतात. पहिल्या काही महिन्यांत फॉस्फरस खूप खाली जाऊ शकतो, कारण आधीच्या वर्षांत वाढलेले हॉर्मोन नव्या किडनीला तो बाहेर टाकायला लावत राहतात. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. टॅक्रोलिमसने मॅग्नेशियम उतरतं आणि साखर चढते. मायकोफेनोलेटने जुलाब लागतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ड जीवनसत्त्व तर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं कमीच असतं, आता उन्हातही जायचं नाही म्हटल्यावर आणखी कमी. आणि एक कारण कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही: इन्फेक्शनच्या भीतीने घरच्यांनी माणसाला खोलीत ठेवलेलं असतं, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन देतात. प्रेमाने करतात, म्हणून बोलायला अवघड जातं. पण आठव्या महिन्यातही तेच चाललेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ते बंद करा.

मग सात किलो वजन वाढलं ते कसलं? भूक परत आली, पथ्यं सुटली, स्टेरॉइडने भूक आणखी वाढवली, आणि हालचाल मात्र नाही. अशा वेळी वाढते ती चरबी, मुख्यतः पोटावरची, कधी थोडं पाणीही. वजनकाटा स्नायू आणि चरबी वेगळी करत नाही. वरून 'तब्येत सुधारली' म्हणतात ती माणसं आतून अशक्त होत असतात, आणि साखर वाढण्याचा धोका यांच्यातच जास्त, कारण जेवणानंतरची साखर शोषून घेणारा सगळ्यात मोठा अवयव स्नायूच आहे.

याचा पुढच्या तब्येतीशी संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच ठळक आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या १०,००० हून जास्त डायलिसिस रुग्णांचा प्रत्यारोपणानंतरचा प्रवास तपासला गेला. प्रत्यारोपणाआधी ज्यांचं क्रिएटिनिन ४ च्या खाली होतं, त्यांच्यात मृत्यू किंवा किडनी निकामी होण्याचा धोका ८ ते १० वाल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. ऐकायला उलटं वाटतं. पण डायलिसिसवरच्या माणसाची किडनी क्रिएटिनिन जवळपास टाकतच नाही, त्यामुळे तिथे कमी आकडा म्हणजे कमी स्नायू. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने प्रत्यारोपण झालेल्यांच्या २४ तासांच्या लघवीतलं क्रिएटिनिन मोजलं आणि २००८ मध्ये दाखवलं की ते ज्यांचं कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ताकद, चालण्याचा वेग, थकवा, वजन घटणं यांवरून 'फ्रेल', म्हणजे खंगलेले रुग्ण वेगळे काढले; त्यांच्यात नवी किडनी उशिरा चालू होणं, पुन्हा भरती व्हावं लागणं आणि मृत्यू, तिन्ही जास्त आढळलं.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हे सगळे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्याचे स्नायू कमी, त्याचं हृदय, त्याची साखर, त्याची डायलिसिसची वर्षं हेही बहुधा जास्त बिघडलेलं असतं. व्यायाम करून स्नायू वाढवले म्हणून किडनी इतकी वर्षं जास्त टिकली, असं पक्कं दाखवणारा प्रयोग झालेला नाही. दुसरी गोष्ट दिलाशाची आहे. त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की प्रत्यारोपणाच्या वेळी सुमारे २० टक्के रुग्ण खंगलेले होते, महिन्याने ते ३३ टक्के झाले आणि तिसऱ्या महिन्यात १७ टक्क्यांवर आले. म्हणजे आधी घसरण, मग सावरणं, असा रस्ता असतो. बाबांचं सावरणं आठव्या महिन्यातही सुरू झालेलं नाही, म्हणूनच मी एवढं लांब लिहितेय.

घरी कसं मोजाल

यंत्र लागत नाही. हात नसलेली, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बाबांनी हात छातीवर घडी घालायचे आणि पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. तुम्ही बाजूला उभं राहायचं आणि फोनवर सेकंद मोजायचे. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ते कमी ताकदीचं लक्षण. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर मोजायची गरजच नाही, उत्तर मिळालं. ओपीडीत आम्ही हाताची पकड मोजतो. पुरुषात २८ किलोच्या खाली आणि बाईत १८ च्या खाली म्हणजे कमी. पिंढरीचा घेरही मोजतात (पुरुषात ३४ सेंटिमीटरच्या खाली कमी), पण पायावर सूज असेल तर टेप खोटं बोलतो, म्हणून आधी बोटाने दाबून खड्डा पडतो का बघा.

आजची तारीख घालून हे सेकंद लिहून ठेवा. मला वजनापेक्षा हा आकडा जास्त हवा असतो.

काही लक्षणं मात्र या हिशेबात बसत नाहीत, त्यांसाठी थांबू नका. अशक्तपणा दोन-चार दिवसांत एकदम वाढला, एकाच बाजूला आला, स्नायू दुखू लागले आणि लघवी गडद झाली, किंवा धडधड होऊन पाय लुळे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कोलेस्टेरॉलची गोळी सायक्लोस्पोरिनबरोबर (तेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), किंवा गाऊटसाठी दिलेलं कोल्चिसिन अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांबरोबर स्नायूंना इजा करू शकतं. गोळ्यांची पूर्ण यादी बरोबर न्या, मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या सुट्या गोळ्यांसकट.

डाळ आणि अंडं परत सुरू करा

किडनी निकामी होत असतानाचं पथ्य प्रत्यारोपणानंतर लागू नाही. स्थिर झालेल्या रुग्णाला मी सहसा दर किलोला ०.८ ते १ ग्रॅम प्रोटीन सांगते, आणि स्नायू उतरलेले असतील तर एकच्या खाली जाऊ देत नाही. किलो मोजायचे ते उंचीला साजेसे, पोटासकटचे ६६ नव्हेत. बाबांसाठी ६० धरा, म्हणजे रोज साठेक ग्रॅम. लघवीतून प्रोटीन जात असेल किंवा किडनीचं काम उतरत असेल तर हा आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

तुम्ही लिहिलेला त्यांचा दिवस मी मोजून पाहिला. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी दोन पोळ्या, पालेभाजी, वरणाचं वरचं पाणी आणि भात, चार वाजता चहा-चिवडा, रात्री एक भाकरी, फळभाजी, थोडा भात. यातून तीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, आणि त्यातलंही बरंचसं धान्याचं. आता यात दोन्ही जेवणांत वाटीभर दाट आमटी किंवा उसळ घाला (३० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे सात ग्रॅम प्रोटीन), सकाळी एक उकडलेलं अंडं (सहा), झोपताना पेलाभर दूध (सहा). पंचावन्नच्या पुढे गेलात. अंडं खात नसतील तर ४० ग्रॅम पनीर. मासे किंवा चिकन खात असतील त्या दिवशी १०० ग्रॅममधून वीसेक ग्रॅम येतं आणि काम सोपं होतं. सगळं प्रोटीन रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका. सकाळचा नाश्ता आपल्याकडे सगळ्यात रिकामा असतो, सुधारणा तिथून करा.

पथ्य आता वेगळ्या गोष्टींचं आहे. मोड आलेली मटकी-मूग कच्चे नकोत, नीट शिजवलेली उसळ चालते. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं, न तापवलेलं दूध, गाडीवरची चटणी, बाहेरचं ताक बंद. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य, कारण त्याने टॅक्रोलिमसची पातळी चढते. मोसंबी-संत्र्याला हरकत नाही. डाळी पुन्हा सुरू केल्यावर पोटॅशियम एकदा तपासून घ्या, टॅक्रोलिमस आणि इन्फेक्शन टाळायला देतात त्या सेप्ट्रानसारख्या गोळीने ते वर जाऊ शकतं. मात्र रिपोर्ट चांगला असताना डायलिसिसच्या काळातलं 'भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं' चालू ठेवण्यात अर्थ नाही.

अश्वगंधा आणि गुळवेल नको, यावर मी वाद घालत नाही. प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला बाबा दिवसातून दोनदा गोळ्या घेतात. ती वाढवण्याचा दावा करणारी वस्तू त्याच तोंडाने घ्यायची, हे गणित जमत नाही. शिवाय दोन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जिमच्या डब्याबद्दल थोडं सौम्य बोलेन. साधी व्हे पावडर, जेवणातून साठ ग्रॅम खरंच होत नसेल आणि डॉक्टरांनी डबा बघितला असेल, तर एक चमचा चालू शकते. 'मास गेनर' नको. क्रिएटिन असलेली पावडर तर अजिबात नको. तिने क्रिएटिनिन वाढतं आणि मग रिजेक्शन आहे की पावडर, हे ठरवण्यात आमचा जीव जातो.

आणि जाता जाता, आईला कोण विचारतंय? तिचीही आता एकच किडनी आहे. बाबांबरोबर तिनेही वरणाचं पाणीच प्यायला सुरुवात केली असेल तर तीही ताटात डाळ वाढून घेऊ दे, आणि वर्षातून एकदा तिचंही ब्लड प्रेशर, क्रिएटिनिन आणि लघवी तपासा.

चालणं पुरत नाही

'रोज अर्धा तास चालतात' हे ऐकून मला बरं वाटतं, पण स्टेरॉइडने उतरलेल्या मांड्या चालण्याने फारशा भरत नाहीत. त्यांना वजनाविरुद्ध काम द्यावं लागतं. प्रोटीन नुसतं खाऊनही स्नायू होत नाही. विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो.

सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे टाके आणि पोटाची भिंत भरून येण्यासाठी वजन उचलायचं नसतं. बाबा तो काळ कधीच मागे टाकून आलेत. किडनी जांघेच्या वर, कातडीपासून जवळ बसवलेली असते, म्हणून लोकांना ती 'सरकेल' अशी भीती वाटते. खुर्चीतून उठबस केल्याने ती सरकत नाही. पोटावर थेट मार बसेल असे खेळ मात्र टाळा, आणि टाक्यांच्या जागी फुगवटा दिसला तर हर्नियासाठी दाखवून घ्या. सुरू करण्याआधी दोन प्रश्न: छातीत दुखतं का, आणि जांघेत किंवा खुब्यात दुखतं का? खुब्याचं दुखणं असेल तर आधी एमआरआय, कारण स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तिथे उठाबशा काढल्या तर नुकसान होतं.

मी सांगते तो क्रम असा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे फक्त खुर्चीतून उठबस, खुर्चीवर एक जाड उशी ठेवून, म्हणजे उंची वाढते आणि हात न टेकता जमतं. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. ओटा धरून टाचा वर उचलणं. भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं पुढे-मागे. सोपं वाटू लागलं की उशी काढा, मग सावकाश बसा, तीन आकडे मोजत. मग हातात अर्धा-अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत, तरच उपयोग. पण श्वास कोंडून जोर लावायचा नाही. फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, अजून चालू असेल तर त्या हाताला जड वजन किंवा घट्ट पट्टा नको. ताप असेल त्या दिवशी सुट्टी. इन्शुलिन घेत असतील तर आधी साखर बघा. शक्य असेल तर पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, पडण्याची भीती तिथेच निम्मी जाते.

हे मनाचं नाही. कॅलिफोर्नियात प्रत्यारोपणानंतर घरच्या घरी व्यायाम देऊन केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांची दमश्वासाची क्षमता आणि मांडीची ताकद दोन्ही वाढली. मात्र शरीरातली चरबी आणि स्नायू यांचं प्रमाण दोन्ही गटांत फारसं वेगळं झालं नाही. म्हणून बाबांच्या मांड्या तीन महिन्यांत जाडजूड दिसतील अशी आशा धरू नका. खुर्चीचे सेकंद आधी कमी होतात, टेप मागाहून हलतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय सांगाल

दाराशी नको, बसल्याबरोबर सांगा: 'बाबांना जमिनीवरून उठता येत नाही आणि बाथरूममध्ये एकदा तोल गेला.' खुर्चीचे सेकंद दाखवा. मग विचारा: स्टेरॉइड आणखी कमी करता येईल का? आठव्या महिन्यात बरेच जण ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतात. काहींना, आधी रिजेक्शन येऊन गेलं असेल तर, जास्त ठेवावंच लागतं. काहीही असो, गोळी स्वतः कमी करायची नाही, अर्धीसुद्धा नाही. रक्तातलं बायकार्बोनेट, फॉस्फरस, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर यांतलं जे अलीकडे झालेलं नसेल ते करून घ्या. हाडांची घनता मोजण्याचा विषय काढा, कारण पडणं आणि स्टेरॉइड ही जोडी खुबा मोडते. २४ तासांची लघवी आणि सिस्टॅटिन सी एकदा तरी व्हावी असं मला वाटतं. सिस्टॅटिन सी महाग पडते आणि सगळीकडे होत नाही; दोन्हींतलं एकच परवडत असेल तर लघवीचा कॅन घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तीन-चार महिन्यांनी घाबराल. बाबा खायला लागले, व्यायाम करायला लागले, तर क्रिएटिनिन ०.८ वरून हळूहळू ०.९, कदाचित किंचित त्याच्याही वर जाईल. स्नायू वाढले की ते बनणार जास्त. अशी वाढ सावकाश होते, लघवीत प्रोटीन नसतं, टॅक्रोची पातळी जागेवर असते, सिस्टॅटिन सी हललेलं नसतं, आणि खुर्चीचे सेकंद त्याच काळात कमी झालेले असतात. दोन आठवड्यांत उडी मारलेला आकडा, किंवा सूज, ताप, लघवी कमी होणं, प्रेशर चढणं यांच्याबरोबर आलेला आकडा वेगळा. यातलं कोणतं आहे हे घरी बसून ठरवू नका. वही, खुर्चीच्या सेकंदांची नोंद आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. सोमवारचा रिपोर्ट असेल तर शनिवारच्या ओपीडीची वाट न बघता.